वेणूच्या पलंगाचे चार खंदक

विंचू आमच्या वेणूच्या पाळण्यात पडला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत जी हकीकत फिरली तिच्यात तो पाळण्यात पडला होता, आणि मंगळवार पेठेपर्यंत पोचता पोचता त्याच्याबरोबर त्याची बायको आणि पाठीवर बसलेली पिलंही पडली होती. खरा प्रकार एवढाच, की तो माळवदातून सुटला आणि पाळण्याशेजारच्या चटईवर, यांनी तपासायला आणलेल्या बीजगणिताच्या पेपरांवर पडला.

हे हायस्कुलात गणित शिकवतात. विंचू पडला त्या क्षणी हे चटईवर बसले होते. पुढच्या क्षणी हे टेबलावर उभे होते. मधला प्रवास कुणीच पाहिला नाही. मी कॉलेजात इंटरपर्यंत प्राणिशास्त्र शिकले आहे. प्राणी उभ्या पृष्ठभागावर कसे चढतात हे आम्हांला आकृत्यांसह होतं. पण नख्या, केस किंवा चिकट द्रव यांपैकी कशाचाही उपयोग न करता चढणारा प्राणी मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. टेबलावरून त्या प्राण्याने मला धीरही दिला.

"घाबरू नकोस," हे म्हणाले.

मी पोळपाटाने विंचवाचा निकाल लावला आणि मग सवडीने घाबरले.

सोलापूरची घरं माळवदाची. वर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो, असं सगळे म्हणतात. विंचवांचंही तेच मत आहे.

आमचे घरमालक चनमल्लप्पा समोरच राहतात. मेलेला विंचू मी त्यांना कागदावर ठेवून दाखवला. त्यांनी तो दुरून पाहिला, जवळून पाहिला, आणि निकाल दिला.

"ह्यो आमच्या माळवदातला न्हाई ओ बाई. वडलांनी बांधलंय हे घर, कवा कुणाला चावला न्हाई. तुमच्या कालिजातल्या ट्रंकेतनं आला असंल बघा."

माझ्या ट्रंकेत दोन वर्षं उपाशी बसून त्याने नेमका बीजगणिताच्या परीक्षेचा मुहूर्त साधला, हे ऐकून मला त्या विंचवाविषयी आदर वाटला.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या आठवड्यात बाजाराला आलेल्या, यांच्या गावच्या म्हणजे करकंबच्या एका सोयऱ्याने ती हकीकत, अर्थात पिलांसकट, करकंबला नेली. परत येताना त्याने सासूबाईंचा निरोप आणला. निरोप असा: 'मी चैत्र संपता संपता येते. मुलाला घेऊन जाईन. मृग लागेपर्यंत करकंबला राहील. आमच्या घरात असले प्रकार नाहीत. सूनबाईलाही पुस्तकं वाचायला सवड मिळेल.'

वेणू म्हणजे चिरंजीव वेणीमाधव, वय आठ महिने. तो माझ्याशिवाय झोपत नाही, माझ्याशिवाय खात नाही आणि मी त्याच्याशिवाय श्वास घेत नाही. झोपला की त्याचा श्वास चालू आहे ना, हे मी नाकापुढे बोट धरून पाहते. टोपडं घालण्यापूर्वी उलटं करून झटकते, दुपटं झटकते, आणि झटकलेलं दुपटं पुन्हा झटकते. त्याला मृग लागेपर्यंत, म्हणजे अख्खा उन्हाळा, करकंबला पाठवायचं! मी यांच्याकडे पाहिलं.

"आई म्हणते ते अगदीच चूक नाही," हे म्हणाले.

"म्हणजे बरोबर आहे?"

"तसंही नाही."

"गणितात असलं उत्तर चालतं का हो?"

"गणितात आई नसते," हे म्हणाले आणि शाळेला निघून गेले.

संध्याकाळी मात्र यांनी एक तोड काढली. सासूबाई आल्या की चार दिवस राहतील. त्या चार दिवसांत एकही सरपटणारा, चढणारा किंवा पडणारा जीव मुलाच्या अंथरुणापर्यंत पोचला नाही, तर हे स्वतः त्यांना म्हणतील, की मूल इथेच राहू दे. "स्वतः म्हणाल?" मी विचारलं. "म्हणून पाहीन," हे म्हणाले. एवढ्यावर मी समाधान मानलं. लग्नाला दोन वर्षं झाली की माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतं.

तेव्हा प्रश्न शास्त्रीय होता, आणि शास्त्र माझ्या बाजूला होतं. विंचवाच्या पायांना नुसत्या बारीक नख्या असतात. खडबडीत भिंतीत त्या रुततात म्हणून तो चढतो. गुळगुळीत काचेवर किंवा चिनी मातीवर त्याला काही करता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत विंचू उघड्या काचपात्रात ठेवलेले असत आणि आयुष्यभर आतल्या आत फेऱ्या मारत. मुंगीला नख्यांच्या मध्ये ओलसर गादी असते, ती काचेवरही चढते. पण तिला पाणी ओलांडता येत नाही. राहिली पाल. पाल काचेवर कशी चढते याबद्दल आमच्या दोन प्रोफेसरांत मतभेद होते. एकांच्या मते ती बोटांखालची हवा काढून घेऊन चिकटते. दुसऱ्यांच्या मते पहिल्यांच्या डोक्यातली हवा काढून घ्यायला हवी. परीक्षेत पेपर कोण तपासणार ते पाहून आम्ही उत्तर लिहीत असू. पण पाल चावत नाही, म्हणून मी तिला सोडून दिलं. शास्त्रज्ञाने कुठे तरी थांबायला हवं.

योजना साधी होती. पाळणा तुळईला टांगलेला, म्हणजे विंचवाला थेट जिना. तो काढायचा. वेणूला आमच्या एकुलत्या एका पलंगावर लोडांच्या तटात झोपवायचं, आणि पलंगाचा प्रत्येक पाय चिनी मातीच्या बरणीत उभा करून बरणीत पाणी भरायचं. बाहेरून विंचू बरणी चढणार नाही, मुंगी चढली तर पाणी ओलांडणार नाही. किल्ल्याला खंदक असतो तसा. फक्त आमच्या किल्ल्याला चार खंदक होते.

बरण्या शेजारच्या नागव्वाकडे होत्या. लोणच्याचे आंबे अजून यायचे होते, म्हणून रिकाम्या होत्या. नागव्वा अक्कलकोटकडची, तिचा जीव माणसांइतकाच बरण्यांवर.

"बरण्या कशाला री ताई?"

"विंचू चढू नये म्हणून."

"अय्यऽ! त्याला बरणी कशाला? मोराचं पीस लावा की भिंतीला. पाल पळतीया."

"अहो पण मला पालीचं नाही, विंचवाचं भय आहे."

"पाल गेली की इंचू बी जातोय. दोस्ती हाय त्यांची."

बरण्या हव्या होत्या, म्हणून मी मोराचं पीसही घेतलं आणि पलंगाच्या वर भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाल त्याच पिसावर बसलेली दिसली. मी नागव्वाला बोलावून दाखवली.

"बघा," नागव्वा अभिमानाने म्हणाली, "भेऊन हालंना झालीया."

बरण्या बसल्या. पण प्रयोग केल्याशिवाय सिद्धांत मांडू नये, असं आमचे दोन्ही प्रोफेसर म्हणत (त्यांचं एकमत एवढ्यावरच होतं). प्रयोगाला विंचू हवा. आता, एरवी ज्या गल्लीत चप्पल झटकल्याशिवाय पाय घालवत नाही, तिथे मी विंचू हवा म्हणताच एकाही घरात विंचू सापडेना. प्रत्येकाने आपल्या घरात तो कधीच नव्हता असं सांगितलं. फक्त शेजारच्या घरी असतील असं सुचवलं. शेवटी भांडी घासायला येणारी सोनाबाई म्हणाली, "आमच्या गावाकडं कुंभारीत लई हायती, वैनी. आनू का?" आणि खरंच तिने दुसऱ्या दिवशी तपकिरीच्या डबीत एक आणला. एवढा काळाभोर की मी डबी हातात न घेता तिचे आभार मानले.

प्रयोग अंगणात ठेवला. एकच बरणी बाहेर आणली. प्रेक्षक बोलावले नव्हते, ते आले. पलीकडच्या अनसूयाबाई पाट घेऊन आल्या आणि बसल्या. अनसूयाबाईंचे यजमान मिलमध्ये कारकून आहेत, आणि घरी पंचांग आहे. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घटनेला त्यांचा हात लागावाच लागतो.

"आज प्रयोगाला दिवस बरा नाही हं," त्या म्हणाल्या.

"विंचवाला की मला?"

"ते पुढे कळेलच."

मी विंचू काठीने बरणीपाशी ढकलला. तो तसाच बसला.

"दमलाय," नागव्वा म्हणाली. "कुंभारीस्नं आलाय."

"उपाशी आसंल," सोनाबाई म्हणाली.

इतक्यात तो हलला. बरणीला पाय लावला. घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. पुढचे दोन्ही चिमटे वर करून त्याने बरणीला मिठी मारून पाहिली आणि पाठीवर पडला. मी सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत शिकलेलं काही तरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. "पाहिलंत?" मी म्हणाले. "नख्यांना रुतायला जागाच नाही. चढायला खरखरीत पृष्ठभाग लागतो."

"काय गर्दी ओ ही?" असं म्हणत नेमके त्याच वेळी चनमल्लप्पा आत आले आणि बरणीला खेटून उभे राहिले.

त्यांचं धोतर हातमागाचं होतं. जाडंभरडं, नवं कोरं, खळ न गेलेलं. नख्यांना रुतायला यापेक्षा उत्तम पृष्ठभाग आमच्या पुस्तकातही दिलेला नव्हता.

विंचवाने शास्त्राला बट्टा लावला नाही. तो सरळ चढू लागला. "मालक, हालू नगा!" सोनाबाई ओरडली, आणि ज्याला हलू नका म्हणतात तो माणूस जे करतो तेच चनमल्लप्पांनी केलं. ते तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर चढले, कट्ट्यावरून पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीवरून आमच्या अंगणाच्या भिंतीवर. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ! धोतर वाटेतच राहिलं, विंचू धोतरावर राहिला, आणि मालक लंगोटीत भिंतीवर. चावला मात्र नाही. माझा प्रयोग दोन्ही बाजूंनी यशस्वी झाला, पण तसं बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

"बाई," भिंतीवरून चनमल्लप्पा म्हणाले, "हे घर मी भाड्यानं राहायला दिलंया. इंचू पाळायला न्हाई."

"पण या घरात विंचू नाहीतच ना?" मी नम्रपणे विचारलं.

ते पलीकडे उतरले. उत्तर दुसऱ्या मार्गाने आलं. पुढच्या आठवड्यात म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर मानसिंगराव, डोक्याला हॅट आणि हातात टॉर्च, आमच्या दारात उभे राहिले. कुणी तरी जबाबदार नागरिकाने तक्रार केली होती, की या घरात पाणी साठवून डास पाळले जात आहेत. आधी विंचू, आता डास. चनमल्लप्पांना माझ्या घरात काही तरी पाळलं जात आहे याविषयी शंकाच नव्हती.

मानसिंगराव पलंगाखाली शिरले. टॉर्च मारला.

"अळ्या आहेत," पलंगाखालून आवाज आला. "चारी बरण्यांत. हिवतापाच्या डासाच्या."

मी वेणूला कडेवर घेऊन खाली वाकले आणि पाहिलं. इथे मला गप्प बसता आलं असतं. पण आकृती काढून दहापैकी नऊ गुण मिळवलेली गोष्ट समोर तरंगत असताना गप्प बसणं हे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

"हिवतापाच्या नाहीत," मी म्हणाले. "त्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहतात. या पाहा, डोकं खाली करून तिरप्या लटकताहेत. हा साधा डास."

मानसिंगराव बाहेर आले. हॅटला कोळिष्टक लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे, मग वेणूकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "अळी तिरपी असो की आडवी. नियमात कोन दिलेला नाही."

नियमात उपाय मात्र दिलेला होता. साठलेल्या पाण्यावर घासलेट ओतायचं. आठ दिवसांनी ते पुन्हा येऊन पाहणार होते. घासलेट दिसलं नाही तर कोर्ट. तेव्हा मी चारी बरण्यांत घासलेट ओतलं आणि मुलाच्या पलंगाखाली घासलेटाच्या चार विहिरी घेऊन बसले. आता विंचवाची काळजी कमी होऊन आगीची सुरू झाली. समई स्वयंपाकघरात नेली. यांची विडी अंगणात नेली. उदबत्ती बंद. हे पहिले दोन दिवस अंगणात विडी ओढून आले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विंचू बरा होता."

आणि नागव्वा! तिला त्या घासलेटाचा वास दोन भिंतींपलीकडून आला. ती दारात उभी राहिली, नाकाला पदर लावून. तिला शब्द आधी कानडीत सुचले. मराठीत आली तेव्हा एवढंच म्हणाली:

"माझ्या आजीसासूच्या बरण्या हायत त्या, ताई. आता लोनचं घालू का दिवा लावू?"

मी नव्या बरण्या घेऊन देण्याचं कबूल केलं. पण नवी बरणी जुन्यासारखी नसते, हे मला नागव्वाने कारणांसकट सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे माझ्या ऐकण्यात मोठ्याने भिंतीशी बोलू लागली.

आता खालून काही येणं शक्य नव्हतं. राहिलं वरून. माळवदाखाली कापडाचं छत बांधायची चाल इकडे आहेच, माती पडू नये म्हणून. मी लग्नात आलेली सोलापुरी चादर काढली, चांगली जाड, चारी कोपऱ्यांना सुतळी बांधून यांना टेबलावर चढवलं (या वेळी सावकाश चढले), आणि पलंगावर छत ताणून घेतलं. आता विंचू सुटला तरी चादरीवर पडेल, चादरीवरच राहील.

चादरीवर विंचू पडला नाही. मांजर पडलं. माळवदाला उजेडासाठी एक भोक असतं, साणं म्हणतात त्याला. त्यातून गल्लीतलं एक गलेलठ्ठ बोकेमहाराज रोज दुपारी आत डोकावत. त्यांना आपल्यासाठी कुणी तरी झोपाळा बांधलेला दिसला. पहिल्या दिवशी मी आत येऊन पाहते तो पलंगाच्या बरोबर वर चादरीला मोठं पोट आलेलं, आणि ते पोट घोरत होतं. वेणू खाली उताणा पडून त्याच्याकडे पाहत खिदळत होता. मी काठीने पोट ढोसलं की ते उठून साण्यातून जाई, आणि माझी पाठ वळली की परत येई. साणं बंद केलं तर खोलीत काळोख, काळोखात विंचू. मी साणं उघडं ठेवलं आणि मांजराला विंचू खायची आवड असेल अशी आशा केली.

अशा व्यवस्थेत सासूबाई आल्या.

त्यांनी पाय धुतले, वेणूला घेतलं, त्याचं वजन हातांत जोखलं, "वाळला," असं म्हणाल्या (वेणूच्या मनगटाला दोन वळ्या आहेत), आणि मग खोलीभर नजर फिरवली. बरण्या पाहिल्या. चादर पाहिली. मोराचं पीस पाहिलं. नाक ओढून वास घेतला.

"ही खोली आहे की रॉकेलचं दुकान?"

"आई, हे शास्त्रीय आहे," हे म्हणाले. मला एवढा अभिमान वाटला, की यांनी ते आईंकडे न पाहता म्हटलं होतं हे मी मनावर घेतलं नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. एक मुंगी नाही, एक झुरळ नाही. सासूबाई रोज सकाळी पलंगाच्या पायांशी वाकून पाहत आणि काही न सापडल्याने नाराज होऊन उठत. तिसऱ्या दिवशी सोनाबाईला म्हणताना मी ऐकलं, "शिकलेली आहे हो, पण हात आहेत कामाला." एवढ्या प्रशंसेने मला दिवसभर जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मात्र सकाळीच त्यांनी वेणूची दुपटी घडी करायला घेतली.

"अहो आई, एकही किडा आला नाही ना चार दिवसांत?"

"नाही आला. पण घासलेटानं मुलाचं डोकं चढेल. संध्याकाळच्या गाडीनं निघते मी. हं, कमलाकर?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणणार होते ना स्वतः?

"घासलेट जरा... आहे खरं," हे म्हणाले.

दुपारी सासूबाई वेणूला मांडीवर घेऊन पलंगावर जपाला बसल्या. पूर्वेकडे तोंड, डोळे मिटलेले, हातात माळ. हे शाळेतून येऊन त्यांच्या समोर दारात उभे, डोक्याचा रुमाल सोडत. मी पलंगाच्या मागे, वेणूची दुपटी ट्रंकेत भरत. माझे डोळे भरून आले होते, तरी पलंगावरून नजर हलत नव्हती. ती सवय आता जाणार नाही. चादरीच्या खालच्या अंगाला पाल उलटी चिकटून बसलेली मला दिसत होती. मोराचं पीस तिला कंटाळवाणं झालं असावं.

आणि साण्यातून बोका आला. धप्पकन. चादरीला पोट आलं, चादर हिंदकळली, आणि जी पाल काचेवरून पडत नाही, तुळईवरून पडत नाही, ती सासूबाईंच्या खांद्यावर पडली.

सासूबाईंनी किंकाळी फोडली. पाल लोडावर उतरली, लोडावरून पलंगाच्या पायावर, पायावरून खाली, आणि बरणीतल्या घासलेटापाशी थबकून परत वर आली. दुसऱ्या पायाने उतरली, तिथेही घासलेट. माझ्या खंदकांचा एक गुण तोवर माझ्या लक्षात आला नव्हता: आत आलेल्या प्राण्याला बाहेर जायची सोय नव्हती. सासूबाई, नातू आणि पाल एकाच किल्ल्यात अडकले. शेवटी मी वेणूला ओढून घेतलं, यांनी दारातून रुमालाचं एक टोक पलंगावर फेकून ओढलं, आणि पाल त्या रुमालावर बसून बाहेर गेली.

गल्ली जमायला वेळ लागला नाही. अनसूयाबाई पंचांग घेऊनच आल्या. नागव्वा न बोलता आली. "पाल कुठल्या खांद्यावर पडली?" अनसूयाबाईंनी विचारलं. "बाईला डावं अंग चांगलं. डाव्या खांद्यावर लाभ. उजव्या खांद्यावर पडली तर प्रवासात विघ्न, बरोबरच्या मुलाला पीडा."

सगळ्यांनी सासूबाईंच्या खांद्यांकडे पाहिलं.

"मी डोळे मिटले होते," सासूबाई म्हणाल्या. "मला कसं कळणार? सगळ्या अंगालाच शिरशिरी आली."

"डाव्या," हे ठामपणे म्हणाले. "मी समोर उभा होतो. स्पष्ट पाहिलं."

आयुष्यात एकदाच हे एवढ्या ठामपणे बोलले, आणि ते असं.

"उजव्या," मी म्हणाले.

"कमलाकर गणित शिकवतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "लाभ म्हणजे लाभ. दुपटी भर गं, प्रभा."

पंचांगातल्या पालीवर माझा विश्वास नाही. कॉलेजात त्यावर मी तावातावाने निबंध वाचला होता, टाळ्याही मिळाल्या होत्या. पण निरीक्षण म्हणजे निरीक्षण. मी दुपटी खाली ठेवली.

"अहो, पाल खिडकीच्या बाजूच्या खांद्यावर पडली ना?"

"हो. खिडकीच्याच."

"खिडकी कुठल्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"आई जपाला कुठे तोंड करून बसतात?"

"पूर्वेला."

"मग तुम्ही पूर्वेला तोंड करून उभे राहा, आणि दक्षिणेकडचा हात वर करा."

हे उभे राहिले. वळले. सगळी गल्ली पाहत होती. यांनी सावकाश हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या हाताकडे पाहिलं, आणि एखाद्या मुलाने फळ्यावरचं चुकलेलं चिन्ह दाखवून द्यावं तसा यांचा चेहरा झाला.

"उजवा," हे म्हणाले.

"समोरून बघितलं की उलटं दिसतंय की," नागव्वा म्हणाली. भिंतीशी नव्हे, माझ्याशी. बरण्यांनंतर पहिल्यांदाच.

सासूबाईंचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. "प्रवास किती दिवस वर्ज्य?" त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी पान उलटलं, चष्मा सारखा केला. "पंचांगात दिवस दिलेले नाहीत."

"मग मृग लागेपर्यंत हलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नातवाचा जीव मोठा. राहू दे त्याला इथेच."

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. मी पंचांगाला मनोभावे नमस्कार केला.

"आणि प्रवास वर्ज्य म्हणजे माझाही," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मी तरी कशी जाणार? राहते मी इथेच."

त्या राहिल्या. अंगावर पाल पडलेल्या बाईला जमिनीवर झोपवत नाही, म्हणून पलंग त्यांचा झाला. त्यांच्या कुशीत वेणू. चारी पायांना घासलेट, वर चादर, चादरीत बोका, कारण सासूबाईंना त्याचं घोरणं ऐकलं की झोप लागते. आम्ही दोघं चटईवर, माळवदाखाली, उघड्यावर.

पुढच्याच रविवारी दुपारी माळवदातून काही तरी सुटलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये, चटईवर पडलं. यांच्या आधी मी पाहिलं. कशी चढले ते सांगता येणार नाही; नख्या, केस, चिकट द्रव, कशाचाच उपयोग केल्याचं आठवत नाही. पण हे टेबलावर पोचले तेव्हा मी तिथे होते, आणि मी यांना जागा करून दिली.

पलंगावर सासूबाई उठून बसल्या. वेणूला मांडीवर घेऊन त्यांनी वाकून खाली पाहिलं. वेणूनेही पाहिलं आणि टाळ्या पिटल्या.

"एवढासाच?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, करकंबला आमच्या माजघरात याच्या दुप्पट निघतात! रोज!"

मी टेबलावरून यांच्याकडे पाहिलं. हे अतिशय लक्षपूर्वक माळवदाकडे पाहत होते.